गळिताच्या हंगामात ट्रॅक्टरची गळती



हंगाम भरात असताना पहाटे वजनकाट्यापासून गाडीतळापर्यंतच्या रस्त्यावर बॅटरी मारून पाहावे. काळ्या थेंबांची एक माळ दिसते. मध्येच माळ थांबते आणि ताटाएवढा डाग लागतो. तिथे कोणाचा तरी ट्रॅक्टर नंबर लागेपर्यंत दोन-तीन तास उभा होता असे समजावे. हे आपल्या सभासदांचे आणि वाहतूकदारांचे इंजिन ऑईल. आपण उसाच्या एकेका कांडीवरून भांडतो, काट्यात चार किलोचा फरक वाटला तर शेतकी ऑफिसात जाऊन आवाज चढवतो, आणि ही गळती मात्र "जुना झालाय, गळायचाच" म्हणून सोडून देतो.

हिशेब करून दाखवतो. ऑईलचे साधारण पंचवीस थेंब म्हणजे एक मिलीलिटर. दर दहा सेकंदाला एक थेंब पडला, तर तासाला ३६० थेंब, म्हणजे १४ मिलीलिटरच्या वर. हंगामात ट्रॅक्टर दिवसाचे सोळा तास चालू धरला तर रोजचे सुमारे २३० मिलीलिटर झाले. शंभर दिवसांच्या हंगामात २३ लिटर! चांगल्या ऑईलचा भाव सगळ्यांना ठाऊक आहे, गुणाकार ज्याचा त्याने करावा. आणि दहा सेकंदाला एक थेंब ही गळती म्हणजे काही मोठी गळती नव्हे. त्याहून जास्त गळणारे ट्रॅक्टर रोज आपल्या काट्यावरून जातात.

पण ऑईलचे पैसे ही त्यातली लहान बाब. खरे नुकसान पुढेच आहे. रात्री दोन ट्रॉल्या भरून निघालेला ड्रायव्हर ऑईलची पट्टी काढून बघत नाही. पातळी उतरत जाते, चढावर प्रेशरचा दिवा लुकलुकतो, रेडिओ चालू असतो, आणि दहा मिनिटांत बेअरिंग क्रँकला चिकटते. मग भरलेल्या ट्रॉल्या रस्त्याच्या कडेला, तोडणीची टोळी फडात बसून, मुकादमाचे फोनवर फोन. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे हे आपल्याला शेतकी खाते वर्षानुवर्षे सांगत आले आहे. पुढे तो वाळतो, वजन घटते आणि उताराही घसरतो. वजनाचा फटका सभासदाला, उताऱ्याचा सगळ्या कारखान्याला. म्हणजे गळणारा ट्रॅक्टर हा एकट्या मालकाचा प्रश्न राहत नाही. शिवाय ऑईलने भिजलेल्या इंजिनवर पाचटाचा भुगा बसून त्याचा थर होतो आणि सायलेन्सर शेजारीच तापलेला असतो. यावर जास्त लिहीत नाही.

आता मुद्द्यावर येतो. सभासद भेटले की एकच प्रश्न विचारतात, "चांगली ट्यूब कोणती हो?" ट्यूब म्हणजे पॅकिंगला लावायचे सीलंट. कोणी लाल चांगली म्हणतो, कोणी काळी, कोणी करडी. कोणी अजून शेलॅकच्या बाटलीवर श्रद्धा ठेवून आहे. माझे स्पष्ट मत असे की हा प्रश्न दुसरा आहे, पहिला नव्हे. पहिला प्रश्न, ऑईल नेमके कुठून येते आणि का येते? त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय ट्यूब विकत घेणे म्हणजे ताप कशाचा हे न पाहता दुकानातून गोळी घेणे.

आपल्या भागातल्या एका ट्रॅक्टरची गोष्ट सांगतो. मालकाचे आणि गॅरेजचे नाव सांगण्याचे कारण नाही. चेंबरमधून, म्हणजे इंजिनच्या पोटाखालच्या ऑईलच्या भांड्यातून, गळती होती. ऐन हंगामात गाडी गॅरेजला नेली. मिस्त्रीने चेंबर उतरवले, जुने पॅकिंग फाटले होते, नवे हाताशी नव्हते. त्याने बोटाएवढी जाड लाल सिलिकॉनची वळी सगळीकडून फिरवली, चेंबर चढवून बोल्ट आवळले, बाहेर आलेले बोटाने पुसून गुळगुळीत केले. बाहेरून काम इतके सुबक दिसत होते की मालकाने चहाचे पैसेही दिले. गळती थांबली. पण बाहेर जेवढे दाबून निघाले होते तेवढेच आतही निघाले होते, आणि आत पुसायला कोणाचे बोट पोचत नाही. ती आतली रबरी शेव गरम ऑईलमध्ये दीड-दोन महिन्यांत सुटली, गांडुळासारखे तुकडे झाले, आणि ऑईल पंपाच्या जाळीवर जाऊन बसले. चेंबरमध्ये ऑईल पूर्ण, पट्टीवर पातळी बरोबर, आणि इंजिनला मात्र ऑईल नाही. क्रँक घासावी लागली, बेअरिंगे नवी, दोन पिस्टन गेले. उचल फिटायच्या आत दुसरे कर्ज. गळती चालू राहिली असती तर इतका खर्च आला नसता. ट्यूब वाईट नव्हती, बंधूंनो. चुकीच्या मापाने लावली होती.

म्हणून आधी गळती शोधावी. ऑईल खाली ओघळते आणि पंख्याचा वारा त्याला मागे ढकलतो. त्यामुळे चेंबरच्या मागच्या कोपऱ्याला थेंब लोंबतो, पण उगम वर पुढे टॅपेट कव्हरला असतो. जिथे ओले दिसते त्यातली सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची जागा धरावी. इंजिन थंड असताना डिझेल आणि ब्रशने स्वच्छ धुवावे, कोरडे पुसावे, आणि संशयाच्या जागी घरातली अंगाला लावायची पावडर भुरभुरावी. मग पंधरा मिनिटे इंजिन चालवावे. पांढऱ्या पावडरीवर काळी रेघ उगवते तिथे दुखणे. याला काही खर्च नाही, पण इतका साधा उपाय करायला आपल्याकडे फुरसत नसते. चेंबर उतरवायला मात्र असते.

दुसरी गोष्ट ब्रीदरची. इंजिनच्या पोटात हवेचा दाब तयार होतो, तो बाहेर जायला एक नळी असते. पावसाळ्यात ट्रॅक्टर गोठ्याशेजारी उभा असला की कुंभारीण माशी हमखास त्या नळीच्या तोंडात मातीचे घर करते. नाहीतर ऑईल आणि धुळीचा चिखल होऊन ती बुजते. मग तो दाब जाणार कुठे? जिथे पॅकिंग कमकुवत तिथून तो ऑईल घेऊन बाहेर पडतो. अशा वेळी एका ठिकाणी ट्यूब लावली की महिन्याभरात दुसरीकडून गळू लागते, आणि मालक म्हणतो ट्यूब डुप्लिकेट होती. इंजिन चालू असताना ऑईल भरायचे झाकण उघडून पाहावे. भक्‌भक्‌ धूर आणि हवा येत असेल तर आधी ब्रीदर साफ करावा. ब्रीदर साफ असूनही येत असेल तर ते बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे रिंगा झिजल्या. त्यावर जगातली कुठलीही ट्यूब चालणार नाही.

तसेच जिथे दांडा फिरतो, म्हणजे क्रँकच्या पुढच्या पुलीमागे आणि मागे क्लचच्या बाजूला, तिथे ऑईल सील असते. फिरत्या दांड्याला सीलंट लावून गळती थांबत नाही, सील बदलावेच लागते. मागचे सील गेले तर ट्रॅक्टर मधून खोलावा लागतो, म्हणून मिस्त्रीही बाहेरून सिलिकॉन थापून वेळ मारून नेतात. पुढे क्लचप्लेट ऑईलने भिजून घसरू लागली की दोन्ही खर्च एकदम येतात. क्लच हौसिंगच्या खाली एक बारीक भोक असते, त्यातून काय ठिबकते ते बोटावर घेऊन बघा. काळेभोर असेल तर इंजिनचे. सोनेरी आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअरचे. तेवढ्यावरून निम्मे निदान होते.

आणि एक समजून घ्यावे, प्रत्येक ओलसर इंजिन हे गळके इंजिन नव्हे. दहा-बारा हजार तास चाललेल्या इंजिनला थोडा घाम येतोच. जोडावर धूळ चिकटते पण थेंब खाली पडत नाही, अशा ठिकाणी ऐन हंगामात पाना लावू नये. नीट बसलेला जोड उगाच उघडला की पूर्वीसारखा बसत नाही. खडूने खूण करून ठेवावी आणि बॉयलर थंड झाल्यावर बघावे.

इतके सगळे पाहून झाले, आणि ठरले की अमुक पॅकिंगच गेले आहे. आता ट्यूबचा प्रश्न घ्यावा. मात्र रंगावर जाऊ नका. लाल म्हणजे गरम जागेसाठी, काळी म्हणजे ऑईलसाठी असा काही सरकारी नियम नाही. एका कंपनीची करडी आणि दुसरीची करडी यांत फरक असतो. ट्यूबवर बारीक अक्षरात लिहिलेले वाचावे. चष्मा लागत असेल तर कॉलेजात जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्यावे.

शेलॅकपासून सुरुवात करतो, कारण तो आपला जुना सोबती. शेलॅक म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्याची. तिच्यासाठी रांचीजवळ नामकुमला १९२४ साली संशोधन संस्थाच निघाली. लाख स्पिरिटमध्ये विरघळवली की शेलॅक. ऑईलला ती दाद देत नाही, स्वस्त असते, कोणत्याही दुकानात मिळते. विहिरीवरच्या जुन्या संथ इंजिनांना, जिथे बिडावर बीड आणि मध्ये कागदी पॅकिंग, तिथे शेलॅकचा पातळ हात अजूनही छान काम देतो. लग्नपत्रिकेचा जाड कागद कव्हरावर धरून हातोडीने कडा ठोकत पॅकिंग कापणारे आणि त्यावर शेलॅक फिरवणारे मिस्त्री आपण सगळ्यांनी पाहिले आहेत, ती विद्या खोटी नव्हे. शेलॅकचा दोष एवढाच की ती काचेसारखी कडक होते. जो जोड हादऱ्याने हलतो, तिथे तिला तडा जातो. ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला हिसके किती बसतात हे सांगायला नको. आणि पुढच्या वेळी खरवडताना मिस्त्रीच्या तोंडून काय निघते तेही इथे छापता येणार नाही.

जाता जाता, मोटारसायकल आणि पेट्रोल पंपसेटवाल्यांसाठी एक सूचना. आपल्याच उसापासून इथेनॉल होते आणि ते पेट्रोलमध्ये मिसळले जाते. २०२५ साली हे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत पोचले. इथेनॉल म्हणजे स्पिरिटच, आणि शेलॅक स्पिरिटमध्ये विरघळते. तेव्हा कार्बोरेटरच्या जोडाला शेलॅक लावू नये. सिलिकॉनही लावू नये, पेट्रोलने ते फुगून लोळागोळा होते. तिथे नवे पॅकिंग कोरडेच बसवावे. कारखान्याला इथेनॉलने चार पैसे मिळतात ही आनंदाची गोष्ट, पण बाटलीतल्या शेलॅकला ते मानवत नाही.

आता सिलिकॉन. हे हवेतल्या ओलाव्याने घट्ट होते आणि बाहेरून आत सुकत जाते. रबरासारखे लवचिक राहते, सव्वादोनशे-अडीचशे अंशापर्यंतची उष्णता सोसते. पत्र्याचे टॅपेट कव्हर, पत्र्याचे चेंबर, टायमिंग कव्हरचे कोपरे, जिथे दोन भागांत थोडी फट राहते आणि जोड किंचित हलतो, तिथे हेच योग्य. पण दोन गोष्टी बघा. एक, ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती इंजिनसाठी नव्हे. त्यातून सुटणाऱ्या आम्लाने तांबे, लोखंड, ॲल्युमिनियम खराब होते. २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले, त्यांत सेन्सर आणि वायरिंग आले. त्यांनाही हा वास सोसत नाही. न्हाणीघरातल्या फरशीला लावायचे सिलिकॉन बहुधा असेच आंबट वासाचे असते, आणि ऑईलमध्ये ते टिकतही नाही. स्वस्त पडते म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून ते आणू नये. दुसरी गोष्ट, वळी दोन ते तीन मिलिमीटरच जाड असावी, ज्वारीच्या ताज्या दाण्यापेक्षा जाड नको. ती एकसलग फिरवावी आणि बोल्टच्या भोकाच्या आतल्या, म्हणजे ऑईलच्या, बाजूने न्यावी. जोड आवळल्यावर बाहेर बारीक रेघ दिसली की पुरे. मोठी शेव बाहेर आली तर तेवढीच आत आहे हे लक्षात ठेवावे, आणि मघाची गोष्ट आठवावी.

तिसरा प्रकार आपल्याकडे कमी जण ओळखतात, तो अनएरोबिक सीलंटचा. १९५३ च्या सुमारास अमेरिकेत व्हर्नन क्रीबल नावाच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने या प्रकाराला व्यवहारात आणले. याची तऱ्हा सिलिकॉनच्या उलटी. हवा असेपर्यंत हे पातळच राहते, आणि दोन धातूंच्या मध्ये हवा तुटली की घट्ट होते. म्हणून त्याची बाटली कंपनी अर्धीच भरते, वर हवा ठेवते. दुकानदाराशी "बाटली अर्धी का?" म्हणून भांडू नये. मशीनवर सपाट केलेले दोन ओतीव भाग, मध्ये पॅकिंग नाही आणि फट केसाएवढी, अशा जोडाला यासारखे दुसरे काही नाही. काही ट्रॅक्टरांचे चेंबर बिडाचे ओतीव असते, ट्रॅक्टरच्या सांगाड्याचाच भाग. तिथे कंपनीच्या पुस्तकात परवानगी असेल तर हेच वापरावे. मोठा फायदा असा की जास्तीचे आत निघाले तरी ते ऑईलमध्ये पातळच राहते आणि धुऊन जाते, जाळीवर रबराचे तुकडे बसत नाहीत. पण पत्र्याच्या चेंबरला किंवा कॉर्क-कागदाच्या पॅकिंगवर हे लावले तर पैसे वाया. तिथे ते घट्ट होतच नाही.

चौथे, कधीच कडक न होणारे, मधासारखे चिकट राहणारे. यातले एक प्रसिद्ध हायलोमार. रोल्स-रॉईसच्या विमानांच्या इंजिनांसाठी ते तयार झाले होते. जो जोड वारंवार उघडावा लागतो, किंवा पॅकिंग जागेवर धरून ठेवायचे असते, तिथे याचा पातळ हात पुरतो. महाग आहे, सगळ्यांनी घेतलेच पाहिजे असे मी म्हणणार नाही.

आणि जिथे काहीच लावायचे नाही अशाही जागा आहेत. सिलिंडर हेडच्या पॅकिंगला कंपनीने सांगितल्याशिवाय काही लावू नये, कोरडेच बसवावे. रबरी पॅकिंग कोरडेच बसवावे. त्याला सिलिकॉन लावले तर आवळताना ते घसरून बाहेर निघते. कॉर्कला लावायचेच तर एकाच बाजूला, कव्हरच्या बाजूला, पुसट लावावे. दुसरी बाजू कोरडी ठेवली तर पुढच्या वेळी कव्हर सहज निघते. ड्रेन नटाला सफेदा, सुताचा दोरा, एम-सील असे काय काय लावलेले दिसते. तिथे तांब्याचा नवा वायसर टाकला की काम झाले. साबणाने डिझेलच्या टाकीची गळती घरी पोचेपर्यंत थांबते हे खरे आहे, मीही तो उपाय नाकारणार नाही. पण घरी पोचल्यावर महिनाभर तोच साबण राहतो, ही आपली खोड.

जुने जाणते सभासद म्हणतात, "ट्यूब म्हणजे सगळी फसवणूक, अस्सल पॅकिंग हेच खरे." मला हेही मान्य नाही. आज कित्येक कंपन्या स्वतःच्या कारखान्यात नवे इंजिन बांधताना काही जोडांना पॅकिंग न घालता सीलंटच वापरतात. तिथे बाजारातून कागदी पॅकिंग कापून मध्ये घातले तर फट वाढते आणि जोड बिघडतो. जिथे कंपनीने पॅकिंग दिले तिथे पॅकिंग, जिथे सीलंट दिले तिथे सीलंट. ट्रॅक्टर घेताना मिळालेले पुस्तक पेटीच्या तळाशी लक्ष्मीपूजनाच्या वह्यांबरोबर पडलेले असते, ते वर काढावे.

आता सर्वांत महत्त्वाचे, आणि इथेच आपली शंभरातली बहुतेक कामे फसतात. ते म्हणजे सफाई. मिस्त्री जोड डिझेलने धुतो, फडक्याने पुसतो आणि लगेच ट्यूब फिरवतो. डिझेलचा तेलकट पापुद्रा तिथे राहतोच, आणि तेलावर कुठलेही सीलंट धरत नाही. भिंतीला तेल लागले तर चुना धरतो का? जुने सिलिकॉन तर शेवटच्या कणापर्यंत निघाले पाहिजे, कारण जुन्यावर नवे चिकटत नाही. प्लास्टिकच्या किंवा लाकडाच्या पत्तीने खरवडावे. ॲल्युमिनियमवर छिन्नी किंवा ब्लेड चालवले तर ओरखडा पडतो आणि त्या ओरखड्यातून पुढे जन्मभर गळते. शेवटी थिनरने भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने दोन्ही बाजू पुसाव्यात, फडके काळे व्हायचे थांबेपर्यंत. बोल्टच्या भोकात साचलेले ऑईलही टिपून घ्यावे. हे काम करताना जवळपास विडी नको, हे लिहावे लागते याचे वाईट वाटते, पण लिहितो.

पत्र्याच्या चेंबरचे आणखी एक. आधीच्या चार मिस्त्र्यांनी जोर लावून आवळल्यामुळे प्रत्येक बोल्टच्या भोकाभोवती पत्रा वर आलेला असतो. काचेवर किंवा सपाट फरशीवर उलटे ठेवून पाहिले की लगेच समजते. मग बोल्टपाशी पॅकिंग चेचते आणि दोन बोल्टांच्या मध्ये फट राहते. तो पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हाताने ठोकून सपाट करावा. त्याशिवाय नवे पॅकिंग, नवी ट्यूब सगळे व्यर्थ. आवळतानाही एका टोकाकडून दुसरीकडे जाऊ नये. मधून सुरू करून आलटून-पालटून, दोन-तीन फेऱ्यांत, सांगितलेल्या मापाने आवळावे. पान्याला पाईप लावून आवळणाऱ्याला जवळ उभे करू नये. "अजून अर्धा पिळ" या तीन शब्दांनी आपल्या तालुक्यातली किती टॅपेट कव्हरे वाकडी झाली, त्याची मोजदाद नाही.

मग थांबायचे. सिलिकॉनची पातळ वळी पूर्ण सुकायला साधारण चोवीस तास लागतात. काही ट्यूबा लवकर चालतात, तसे त्यांवर लिहिलेले असते. हंगामात चोवीस तास कोण देणार? मुकादम दारात उभा, टोळी फडात, करारातल्या खेपा भरायच्या. मिस्त्रीही घाईत, मालकही घाईत, अर्ध्या तासात ऑईल भरून सेल्फ मारला जातो, आणि ओल्या सिलिकॉनमधून ऑईल वाट काढते. दोष ट्यूबला. म्हणून मी म्हणतो की गळतीचे काम हे जून-जुलैचे काम आहे. पेरणीनंतर ट्रॅक्टर उभा असतो, पॅकिंग मागवायला आठ दिवस मिळतात, सुकायला हवे तितके तास मिळतात, आणि मिस्त्रीच्या डोक्यावर कोणी उभे नसते.

इथे कारखान्याकडूनही अपेक्षा आहे. आपण वाहतुकीचे करार करताना कागदपत्रे बघतो, जामीन बघतो, ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर लावले का ते बघतो. चांगलेच आहे. त्याच वेळी इंजिनखाली एक पांढरा पुठ्ठा सरकवून पंधरा मिनिटे इंजिन चालू ठेवायला काय हरकत आहे? पुठ्ठ्यावर किती थेंब पडले ते करारपत्रावर लिहावे. कोणाचा करार त्यासाठी अडवू नये, ते अन्यायाचे होईल, गरीब वाहतूकदार आधीच उचलीत बुडालेला असतो. पण थेंब लिहिले गेले की मालकाच्या डोक्यात राहतात. ज्यांचे वीसच्या वर भरतील त्यांना हंगामापूर्वी आपल्या वाहन विभागाच्या शेडमध्ये दोन दिवस जागा आणि पाने द्यावेत. मजुरी त्याची त्याने करावी किंवा आपला मिस्त्री आणावा.

आणखी, सभासदांच्या स्टोअरमध्ये खत, औषधे, ठिबकच्या नळ्या मिळतात, तशा चारच गोष्टी ठेवाव्यात. आंबट वास नसलेले, ऑईलला टिकणारे एक सिलिकॉन, एक अनएरोबिक, शेलॅकच्या लहान बाटल्या, आणि आपल्या भागात जास्त असलेल्या ट्रॅक्टरांची टॅपेट कव्हर व चेंबरची पॅकिंगे. बाजारात नकली ट्यूबा सर्रास आहेत, तारीख उलटून गेलेल्याही गळ्यात मारतात. तारीख उलटलेले सिलिकॉन सुकतच नाही, महिनाभर चिखलासारखे राहते. स्टोअरकीपरने तारीख बघून माल घ्यावा आणि ऊन लागणार नाही अशा कपाटात ठेवावा. यात कारखान्याचा पैसा फारसा अडकत नाही.

जून महिन्यात शेडमध्ये एक दिवस प्रात्यक्षिक ठेवावे असेही मी शेतकी खात्याला लेखी कळवले आहे. भाषणे नकोत, हारतुरेही नकोत. एक जुने चेंबर, एक टॅपेट कव्हर, थिनर, फडकी, आणि आपल्या वर्कशॉपमधला एक फिटर. ड्रायव्हर मंडळींना जरूर आणावे, कारण पट्टी काढून ऑईल त्यांनाच बघायचे असते. ज्यांची कव्हरे वाकलेली आहेत त्यांनी ती बरोबर आणावीत, तिथल्या तिथे सपाट करून मिळतील. आणि जळके ऑईल ओढ्याला किंवा विहिरीच्या काठाला ओतणाऱ्यांसाठी त्या दिवशी शेडमध्ये एक रिकामे पिंप ठेवलेले असेल. कॅन भरून आणा, तिथे ओता, कॅन परत न्या.